हरभऱ्याची आंघोळ

खोली भाड्याने देताना लोक हजार गोष्टी विचारतात. लग्न झालंय का, पाहुणे फार येतात का, रेडिओ मोठ्याने लावता का. काकांनी मला विचारलं, झोप गाढ आहे का तुमची? मी म्हटलं, हो, पडल्या पडल्या लागते. तसा त्यांचा चेहरा उतरला. मग तर कठीण आहे, म्हणाले, रात्री काही झालं तर तुम्हाला उठवायचं कसं? रात्री काय होणार आहे, असं मी विचारलं, तर त्यांनी आत घरात पाहिलं आणि हळूच सांगितलं की तेच तर आधी कळत नाही. शेवटी कडी वाजली की मी उठते, अगदी मांजर आलं तरी उठते, असं चक्क खोटं बोलून मी ती खोली मिळवली.

वर्ध्याहून सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. पुढे किराण्याचं दुकान, मध्ये घर, मागे अंगण आणि अंगणाच्या कडेला माझी खोली. नव्वद सालानंतरची सुरुवातीची वर्षं ती. मी नागपूरची, दवाखान्यात नवीनच लागलेली, केस पेपर काढायच्या खिडकीवर. दिवसभर खिडकीपलीकडची माणसं काळजीने अर्धमेली होऊन माझ्याकडे बघायची, जणू त्यांच्या पेशंटचं काय होणार हे मलाच ठाऊक आहे. तिथून सुटून घरी यावं, तर दारात काका उभे.

काकांच्या बोलण्यात एक वाक्य दिवसातून कितीदा यायचं याला सुमार नव्हता. "आन् काही झालं तं?" गॅसचं बटण बंद केलं की वाकून वास घ्यायचे, मग मला घ्यायला लावायचे. दुकानाला कुलूप लावून ओढून बघायचे, रस्त्यापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा ओढायचे. मी समोरच्या पोस्टात निघाले तरी म्हणायचे, पोहोचली की कळवजो. कळवायचं कसं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं, पेढे आले, तर पेढा हातात धरून म्हणाले, चांगलं झालं, आता फक्त पार पडलं पाहिजे. शेजारीण त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या दुकानाकडे फिरकली नाही.

आणि कशाची तारीफ म्हणून करायची नाही. मालाची तारीफ केली की माल बिघडते, हा त्यांचा सिद्धांत. बापजाद्यांपासून धान्याचा धंदा. चण्याचं पोतं आलं की मूठभर चणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाणा पुढच्या दातांत धरून कट्‌कन फोडायचा आणि आवाज ऐकायचा. माल कसा आहे ते आवाज सांगतो म्हणे. स्वच्छतेचं तर वेड. चाळलेलं पुन्हा चाळायचे, निवडलेलं पुन्हा निवडायचे. पण चणा शेतात कसा वाढतो, हे त्यांनी साठीपर्यंत नीट पाहिलेलं नव्हतं. चणा पोत्यातून येतो आणि पुडीतून जातो, मधलं त्यांना ठाऊक.

मला त्यांचा राग यायचा, हे सांगूनच टाकते. भित्र्या माणसाच्या घरात राहिलं की आपणही दचकायला लागतो. पण काकूंना पाहिल्यावर तो राग ठेवायचा कुठे ते कळायचं नाही.

मी राहायला येण्याआधी, पोळ्याच्या सुमाराला, काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात, उजवा पाय हळूहळू वळणावर येत होता. धरून धरून चालत्या झाल्या होत्या. पण बोलणं गेलं होतं. गेलं म्हणजे एकच शब्द उरला होता, मंगळवार. पाणी हवं असलं की मंगळवार. पंखा बंद करा, मंगळवार. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, गालावरून बोटं फिरवली आणि मायेने म्हणाल्या, "मंगळवार." चुकीचा शब्द आला हे त्यांना लगेच कळायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. डोळे भरून यायचे, मान हलवायच्या, पुन्हा ओठ जुळवायच्या आणि पुन्हा तेच यायचं. मला ते बघवत नसे.

डॉक्टरांनी काकांना नीट समजावून सांगितलं होतं. डोक्यात सगळे शब्द आहेत, पण बाहेरची वाट अडली आहे आणि हा एकच शब्द सुटा राहिला आहे, त्याचा अर्थ काही नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा, ओळखीच्या गोष्टी डोळ्यासमोर ठेवा. शब्द कदाचित येतील, कदाचित नाही येणार, यायचे तर लवकर आलेले बरे. काकांनी हे सगळं मान डोलावून ऐकून घेतलं आणि बाहेर दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन मला म्हणाले, "डॉक्टर काहीही सांगते. हिनं आयुष्यात कधी फालतू गोष्ट केली नाई. मंगळवारी काही तरी हाये."

झालं. त्या दिवसापासून काका मंगळवारला भ्यायला लागले. मंगळवारी दुकानाचं एकच दार उघडायचं. काकूंना त्या दिवशी आंघोळ नाही, कारण न्हाणीघरात पाय घसरला तर? दिवसभर त्यांच्या खाटेजवळ बसून राहायचे आणि गिऱ्हाईक आलं की तिथूनच ओरडून सांगायचे, उद्या या. सोमवारी दुपारपासून जेवण कमी व्हायचं. बुधवारी सकाळी मात्र माणूस असा काही मोकळा व्हायचा की मला हाक मारून चहा पाजायचा. चांगला चहा व्हायचा, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

काकूंचं माहेर वडनेरचं, शेतीवाल्यांचं घर. त्यांचा धाकटा भाऊ दसऱ्याला सोनं द्यायला आला होता. बहिणीची अवस्था पाहून तो रडला आणि जाताना काकांना सांगून गेला की संक्रांतीपर्यंत बघू, ताई बोलायला लागली नाही तर मी तिला वडनेरला घेऊन जातो, तिथे माणसं आहेत, वावर आहे, ती आपोआप सुधारेल. तो वाईट बोलला नव्हता. मलाही त्याचं म्हणणं बरोबर वाटलं. पण काका त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगणात उभे राहून मला म्हणाले की ती गेली तर या घराचं कुलूप मी कोणासाठी ओढून बघू? मी हसणार होते, पण त्यांचा आवाज ऐकून हसू आवरलं.

कोजागिरी झाली आणि काकांनी अंगण खोदायला घेतलं. दर हिवाळ्यात वडनेरहून ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्यांची गठडी यायची, काकू उन्हात बसून घाटे सोलायच्या, दोन दाणे वाटीत आणि एक तोंडात, हे त्यांना आठवलं होतं. हिच्या ओळखीचं म्हणजे वावर, ते म्हणाले, आणि वावर काही घरी आणता येत नाही, तर आपण हरभरा आणू. बाजारातून जुडी आणा ना, मी म्हटलं. नाही म्हणाले, डोळ्यासमोर वाढलं पाहिजे. काकूंची खाट खिडकीशी सरकवली. मेव्हण्याला एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर तो आला असता, आणि आला असता तर बहिणीला घेऊन गेला असता, असा त्यांचा हिशेब.

मग जे सुरू झालं त्याला शेती म्हणायची का, मला शंका आहे. बियाण्यासाठी दुकानातलं सगळ्यात चांगलं पोतं उघडलं. सुपात दाणे घेतले आणि सवयीप्रमाणे एकेक दातांत धरून फोडायला लागले. जो दाणा उत्तम निघायचा तो फुटलेला असायचा, मग तो पेरता यायचा नाही. असे बरेच उत्तम दाणे खाऊन झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. पेरल्यावर दुसऱ्या दिवसापासून उकरून बघायला सुरुवात. उगवला का? नाही? पुन्हा माती लोटायची. मुंग्यांसाठी कडेने डांबराच्या गोळ्या ठेवल्या. काकू खिडकीतून हे सगळं बघायच्या आणि कपाळावर हात मारून म्हणायच्या, मंगळवार.

एवढं करूनही हरभरा उगवला. काळीभोर जमीन ती, ती काय काकांना विचारून उगवणार आहे. बारीक पानांची ओळ दिसायला लागली, हिरवी, एकसारखी. मी न राहवून म्हटलं, काका, काय सुंदर आलाय हरभरा! त्यांनी पटकन आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले हरभऱ्याच्या झाडावर नोको चढवू बेटा. झाडच टिकते का नाई त्याचा भरवसा नाई." मी हसले, आणि मग पाहिलं तर तेही हसत होते. त्या हिवाळ्यात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

कारण पुढे आभाळ यायला लागलं. पहाटे धुकं, दिवसा ढग. काका सकाळी उठून आधी वर बघायचे. त्यातच एके दिवशी त्यांनी पानांवरून हात फिरवला आणि बोटं ओली झाली. दव म्हणावं तर चिकट. जिभेला लावलं तर आंबट. ते तसेच माझ्या दारात आले, बोटं पुढे करून. पानांवर काही तरी घाण बसली आहे, म्हणाले, माल खराब झाला. मी नागपूरची, मला काय कळणार. मीही बोट लावून चाखलं आणि म्हटलं, हो, आंबट तर आहे.

धान्याच्या व्यापाऱ्याला माल खराब दिसला की एकच गोष्ट सुचते, साफ करणं. काकांनी झारी आणली. रोज सकाळी एकेक झाड वरपासून खालपर्यंत धुवायला लागले, पानं बोटांनी चोळून. हरभऱ्याची रोज आंघोळ. आणि रोज त्याच वेळी खिडकीतून काकू ओरडायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्याने. मंगळवार, मंगळवार. गजांवर डावा हात आपटायच्या. काका झारी टाकून आत धावायचे, काय झालं, काय दुखतंय, कुठे दुखतंय? काकू मान हलवायच्या, बाहेर बोट दाखवायच्या, रडायच्या. काकांचा चेहरा पांढरा पडायचा. मला म्हणायचे, "पायलं न? तिले काही तरी दिसून राह्यलं. दिवस जवळ आला." तिला त्रास होतोय तर झाडांचं राहू द्या, असंही मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, हरभरा गेला तर मग राहिलं काय?

तिकडे संक्रांत जवळ यायला लागली होती. झाडांना जांभळी फुलं येऊन घाटे धरायला लागले आणि त्याच सुमाराला अळी आली. हिरवी, लठ्ठ, घाट्यात अर्धं डोकं खुपसून बसलेली. काका रोज अळ्या वेचायचे, रोज झाडं धुवायचे, आणि अळ्या वाढतच जायच्या. धुऊन धुऊन झाडं अशक्त दिसायला लागली. वडनेरहून निरोप आला की संक्रांतीला गाडी घेऊन येतो, ताईची तयारी ठेवा. काकांनी निरोप ऐकला, कुलूप लावलं, आणि ओढून न बघताच आत गेले. ते पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

तो मंगळवारच होता, मी मुद्दाम जुळवून सांगत नाही. आभाळ गच्च. एरवी मंगळवारी काका खाटेजवळून हलायचे नाहीत, पण सकाळी एका रात्रीत आणखी घाटे पोखरलेले दिसले आणि त्यांना राहवलं नाही. झारी भरून अंगणात आले. मी दवाखान्यात निघायच्या तयारीत, दारात चपला घालत होते. काकूंनी सुरू केलं, मंगळवार, मंगळवार. काकांनी खिडकीकडे पाहिलं, तरी झारी वाकवली. पाणी पानांवर पडलं.

आणि काकू खिडकीतून म्हणाल्या, "अजी."

मी चपलेत पाय घालायची थांबले. वैदर्भीय बाई नवऱ्याला हाक मारते ती ही हाक. काका वळले नाहीत. त्यांना वाटलं असेल, कानात वाजलं.

"अजी," काकू पुन्हा म्हणाल्या. प्रत्येक शब्द ओढून काढावा तसा काढत होत्या. "आंब. आंब धू नोका."

झारी पडली. काका तिथेच मातीत बसले आणि मला म्हणाले, बेटा, डॉक्टरांना बोलाव, ती काही तरी बोलून राहिली. डॉक्टर कशाला, मी ओरडले, त्या बोलताहेत, बरोबर बोलताहेत! मी रडत होते. काकू खिडकीत रडत होत्या आणि संतापाने लालही झाल्या होत्या. इतके दिवस डोळ्यासमोर नवरा पीक बुडवतोय आणि आपल्याला थांब म्हणता येत नाही, त्या संतापानेच ती वाट फोडली असणार, असं मला आजही वाटतं. काका मात्र त्याही वेळी विचारत होते, "आंब म्हणजे काय वं? काही झालं का?"

आंब म्हणजे काय ते संक्रांतीला काकूंच्या भावाने सांगितलं. गाडी घेऊन आला होता, रिकामी घेऊन गेला. हरभऱ्याच्या पानांना जो आंबटपणा सुटतो ती आंब. वडनेरला रात्री पिकावर धोतराचं फडकं अंथरतात, सकाळी दवात भिजलं की पिळून घेतात आणि ते पाणी पोटदुखीला जपून ठेवतात. अळीला ती आंब सोसत नाही. "आन् आमचे भाऊजी तिले साबण लावायचे बाकी होते," असं म्हणून तो इतका हसला की काकूही हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, फडकं किती मोठं लागते. तिळगुळ देताना मेव्हण्याच्या हाताला त्यांचा हात बराच वेळ चिकटून राहिला होता.

काकूंचं बोलणं पूर्ण कधीच परत आलं नाही. पाण्याला मंगळवार म्हणणं चालूच राहिलं. पण हरभऱ्याच्या बाबतीत बोलणं स्पष्ट यायचं. अजी, आंब धू नोका. अजी, पाणी नोका देऊ. तेवढीच वाट मोकळी झाली होती.

पुढच्या हिवाळ्यात काकांनी पुन्हा हरभरा लावला. या वेळी दाणे फोडले नाहीत, उकरून बघितले नाहीत, सगळं नीट केलं. पण एके सकाळी बघते तर माणूस पुन्हा झारी घेऊन झाडांवर वाकलेला. खिडकीतून काकूंचा आवाज आला, "अजी, आंब धू नोका." काका थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. माझं डोकं फिरलं. एवढं सगळं होऊन हा माणूस शिकत कसा नाही? मी तरातरा गेले आणि त्यांच्या हातातून झारी ओढून घेतली. झारी हलकी लागली. आत पाण्याचा थेंब नव्हता.

काका खिडकीकडे पाठ करून हळूच म्हणाले, "ती बोलते न, बेटा."

मी झारी परत दिली. त्यानंतर रोज सकाळी ते दोन आवाज मी खोलीतून ऐकत असे, झारीच्या कडीचा आणि काकूंचा, आणि मग कामावर जात असे. दुसरा आवाज यायला जरा उशीर झाला की मीही श्वास धरून बसायचे. काकांची लागण मला तिथेच झाली, ती अजून गेलेली नाही.

लग्न होऊन मी नागपूरला परत गेले. जाताना काका म्हणाले, पोहोचली की कळवजो, आणि मी खरंच एसटीडीवरून कळवलं. पुढे फोन कमी झाले. काकू गेल्याचं मला फार उशिरा, दवाखान्यातल्या एका मैत्रिणीकडून कळलं. तोवर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते. मी थंडीत एकदा वेळ काढून गेले. काका वाळले होते. मला बसवलं, गॅसचं बटण दोनदा बघून चहा केला आणि म्हणाले, "मी सगळे मंगळवार जपत राह्यलो, बेटा. आन् ती शुक्रवारी गेली."

मग अंगणात नेलं. हरभरा होता. अळी नाही, काही नाही, घाट्यांनी लवलेला, इतका छान की ओठांवर आलेली तारीफ मी गिळली. कोपऱ्यातली झारी त्यांनी उचलली. ती रिकामी आहे हे तिच्या झुलण्यावरूनच कळत होतं. ते झाडांवर वाकले, झारी तिरकी केली आणि तसेच थांबले. खिडकी उघडीच होती. आतली खाट तिथेच होती, वर घडी घातलेली चादर होती. काका वाकलेलेच. मला ते सोसेना.

"काका," मी म्हटलं, "आंब धू नोका."

त्यांनी झारी लगेच खाली ठेवली.

"नाई धुत," ते खिडकीकडे पाहून म्हणाले.